आवाज मोठा नको, शब्द कळायला हवा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वडिलांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी रेडिओ आणि संध्याकाळी नाट्यसंगीत हा त्यांचा नेम. जुना कॅसेट प्लेअर कुरकुरायला लागला, म्हणून त्यांच्या वाढदिवसाला मी बर्डीवरच्या एका दुकानातून मोठी म्युझिक सिस्टिम आणली. खोक्यावर हजारांच्या घरात वॉट लिहिलेले होते. दुकानदाराने बटन दाबताच समोरच्या कपाटाच्या काचा थरथरल्या आणि मला वाटले, वा! याला म्हणतात आवाज.

बाबांनी ती दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी बघतो तर ते छोटा ट्रान्झिस्टर घेऊन गॅलरीत बसलेले. मी विचारले, ‘‘बाबा, नवीन सिस्टिम आवडली नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘आवाज तर भरपूर येऊन राहिला रे, पण शब्द कुठे समजून राहिले?’’

हे वाक्य मला लागले. चूक कुठे झाली, हे शोधायला मी तेव्हापासून सुरुवात केली. मी काही इंजिनिअर नाही. विचारत, वाचत आणि थोडे पैसे वाया घालवत जे कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. घरात दोन स्पीकरवर नीट गाणे ऐकायचे असेल, तर ‘पॅसिव्ह बुकशेल्फ स्पीकर’ नावाची वस्तू कशी निवडावी, हा आजचा विषय.

आधी नावाचा अर्थ बघू. पॅसिव्ह म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नाही असा स्पीकर. त्याला भिंतीवरच्या प्लगमधून वीज लागत नाही. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून दोन तारा येतात आणि त्या तारांतून येणाऱ्या शक्तीवर तो वाजतो. ज्याच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर असतो तो अ‍ॅक्टिव्ह. आजचे ब्ल्यूटूथचे डबे हे त्याचेच भाऊबंद. टेबलावर, छोट्या खोलीत ते सोयीचे असतात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांच्यातली सर्किटची पाटी किंवा बॅटरी गेली, की बहुतेक वेळा अख्खा डबाच निकामी होतो. पॅसिव्ह स्पीकरमध्ये बिघडण्यासारखे फार थोडे असते. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच दुरुस्त करा किंवा बदला, स्पीकर जागच्या जागी राहतात. चांगली जोडी वीस वर्षे सहज साथ देते. म्हणूनच ती विचार करून घ्यावी.

दुसरा शब्द बुकशेल्फ. हे नाव थोडे फसवे आहे. साधारण २५ ते ४० सेंटिमीटर उंचीची लाकडी पेटी, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी, म्हणून हे नाव पडले. तिच्यात बहुधा दोन ‘तोंडे’ असतात. खालचे ४ ते साडेसहा इंचांचे, ते खर्जाचे आणि मधल्या पट्टीचे स्वर वाजवते. वरचे एक इंचाच्या आसपासचे घुमटासारखे, त्याला ट्वीटर म्हणतात, ते वरचे बारीक स्वर वाजवते. कोणते स्वर कुणाकडे पाठवायचे, याची वाटणी पेटीतल्या तांब्याच्या वेटोळ्यांची आणि कपॅसिटरची जोडणी करते. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ही वाटणी बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास होते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. ही वाटणीची जागा लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी आपले काम आहे.

एवढ्याशा पेटीतून काय आवाज येणार, अशी शंका येते. तिचे उत्तर रेडिओच्याच इतिहासात आहे. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एलएस ३/५ए’ नावाचा एक छोटा स्पीकर तयार केला. स्टुडिओबाहेर, मोटारगाडीत बसून कार्यक्रम ध्वनिक्षेपित करणाऱ्या तंत्रज्ञांना मोठे स्पीकर ठेवायला जागा नसे. त्यांना जे प्रसारित होते आहे ते खरे कसे ऐकू येते, हे कळायला हवे होते. ही पेटी जेमतेम ३० सेंटिमीटर उंच, १९ सेंटिमीटर रुंद आणि सर्व बाजूंनी बंद. खालचे तोंड पाच इंचांचे. तिच्यातून खिडक्या हादरवणारा आवाज कधीच येत नसे. पण माणूस बोलला की माणूस बोलल्यासारखा वाटे. बीबीसीच्या तंत्रज्ञांची एक साधी रीत होती. ओळखीच्या माणसाला बोलायला लावायचे, त्याचा खरा आवाज ऐकायचा, मग तोच आवाज स्पीकरवर ऐकायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. ही छोटी पेटी पुढे परवाना घेतलेल्या अनेक कंपन्यांनी बनवली आणि पन्नास वर्षांनंतर आजही शौकीन तिच्या मागे असतात.

आता आपल्या गाण्याचे बघू. आपल्याला खर्ज किती खाली लागतो? पेटीच्या पट्टीवरून हिशेब सोपा आहे. पुरुष गायकाचा षड्ज पुष्कळदा काळी एकला असतो, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. गायिकेचा षड्ज काळी चारला धरला तर तो सुमारे २०८ हर्ट्झ आणि तंबोऱ्याचा खर्ज १०४. याचा अर्थ असा, की जो स्पीकर ६० ते ६५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे खाली जातो, तो शास्त्रीय बैठकीला, नाट्यसंगीताला, भावगीताला पुरून उरतो. पाच-साडेसहा इंची तोंडाची चांगली पेटी हे काम करते. सिनेमातले स्फोट आणि डीजेचा ठोका हवा असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी पुढे सबवूफर जोडता येतो.

माहितीपत्रक वाचताना इथेच एक खाचखळगा असतो. ‘४० ते २०,००० हर्ट्झ’ एवढेच छापले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. त्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे लिहिले आहे का, ते बघा. म्हणजे त्या पूर्ण पट्ट्यात आवाज तीन डेसिबलपेक्षा जास्त वरखाली होत नाही, असा तो शब्द झाला. ही अट नसेल तर ४० हर्ट्झचा स्वर तिथे निघतो, पण कुजबुजीसारखाही असू शकतो.

आता बाबांच्या तक्रारीकडे येऊ. शब्द का कळत नव्हते? बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो, अ, आ, ओ यांच्यात. तो खालच्या आणि मधल्या पट्टीत असतो. पण शब्द ओळखता येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. त, ट, क, स, श यांचा बारीक आवाज साधारण दोन हजार ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक तिथेच कळतो. वय वाढते तसे कान नेमके हेच वरचे स्वर आधी हरवतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, ऐकू येते पण समजत नाही. त्यातच स्पीकर धमधम करणारा असेल, तर खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. मी आणलेल्या सिस्टिममध्ये हेच होत होते. मी बाबांना आवाज दिला होता आणि शब्द काढून घेतले होते.

आमच्या लहानपणी घरात मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. मीडियम वेव्हवर वरचे स्वर फार नसत, तरी त्यावर बातम्यांचा शब्द न् शब्द कळायचा. कारण त्यात कृत्रिम धमक नव्हती, मधली पट्टी मोकळी होती. १९४८ साली नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळापासून ऐकणाऱ्या पिढीचे कान या स्वच्छ बोलण्यावर तयार झालेले होते. त्यांना फसवणे सोपे नसते.

म्हणून स्पीकर घेताना पहिली कसोटी मधल्या पट्टीची आणि त्या क्रॉसओव्हरच्या वाटणीची. वाटणी ओबडधोबड असेल तर बाईचा आवाज वर जाताना मध्येच पातळ किंवा कर्कश होतो, ‘स’ शिट्टीसारखा टोचतो. वाटणी चांगली असेल तर दोन तोंडे आहेत हे कळतही नाही.

आता वॉटचे बघू. पूर्वी टू-इन-वनच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ असे लिहून हजारो वॉट छापलेले असत. हा आकडा क्षणभराच्या कल्पित झटक्याचा, त्याला कुठलाही पक्का नियम नव्हता. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येण्याजोगी शक्ती. आणि त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे संवेदनक्षमता, सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. बुकशेल्फ स्पीकरमध्ये तो बहुधा ८३ ते ९० असतो. तीन डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते. म्हणजे ८८ चा स्पीकर ३० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढे वाजायला ८५ च्या स्पीकरला ६० वॉट हवेत. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आठ-नऊ फुटांवर बसून ऐकायचे असेल तर ८६-८७ ची जोडी आणि ३० ते ५० वॉटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळ झाला. नेहमीच्या ऐकण्यात तर एखाद-दुसराच वॉट खर्च होत असतो, बाकीचा साठा तबल्याच्या थापेसारख्या अचानक येणाऱ्या आवाजांसाठी.

स्पीकरच्या पाठीमागे ८, ६ किंवा ४ ओहम लिहिलेले असते. हा त्याचा विद्युत अडथळा. आकडा जितका कमी तितका अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त प्रवाह ओढला जातो. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘८ ओहम किंवा जास्त’ असे लिहिले असेल तर त्याला ४ ओहमची जोडी लावू नका. तो तापेल, आणि नागपूरच्या मे महिन्यात तो आधीच तापलेला असतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला तर आवाज फाटतो आणि त्या फाटलेल्या आवाजात ट्वीटर जळू शकतो. म्हणून फाटायला लागले की आवाज लगेच कमी करावा.

आता खास आपल्या नागपूरच्या दोन गोष्टी. पहिली, कूलर. खिडकीत लोखंडी कूलर फिरत असला की घरात साधे बोलणेही वरच्या पट्टीत होते. त्यावर मात करायला आपण आवाज वाढवतो. दहा डेसिबल वाढवला तर शक्ती दहापट लागते. एका वॉटच्या जागी दहा. म्हणून स्पीकर मोठा घेण्याआधी कूलरकडे बघा. पंख्याचा तोल, सैल झालेले नट, पत्र्याची खडखड, हे नीट केले तर काही खर्च न करता संगीत सुधारते. आणि कूलरचा ओला झोत स्पीकरवर थेट येऊ देऊ नका. पेट्या बहुधा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबलेल्या फळीच्या असतात. कडांतून ओल शिरली की ती फुगते.

दुसरी गोष्ट, ऊन आणि दमटपणा. स्पीकरच्या तोंडाभोवती एक लवचिक कडा असते. ती फोमची असेल तर उष्णता आणि ओलावा यांनी दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन पडते. रबराची असेल तर कितीतरी जास्त टिकते. नवीन घेताना ‘कडा रबराची आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारा. जुनी जोडी घेत असाल तर पुढची जाळी काढून ती कडा बोटाने हलकेच दाबून बघा. बोटाला काळा चिकट भुगा लागला, तर नवी कडा बसवण्याचा खर्च धरूनच भाव ठरवा.

स्पीकर आणले, आता ठेवायचे कुठे? आपल्याकडे उत्तर ठरलेले असते, शोकेसमध्ये! एक इकडे, एक तिकडे, मध्ये टीव्ही आणि आजूबाजूला काचेची हंस-मोरांची जोडी. नाव बुकशेल्फ असले तरी बंद कप्प्यात स्पीकर गुदमरतो. बऱ्याच पेट्यांना मागे एक गोल भोक असते, त्यातून खर्जाची हवा बाहेर येते. ते भिंतीला चिकटले तर आवाज घुमतो. मागच्या भिंतीपासून किमान एक-दीड फूट जागा सोडा. जागा नसेलच, तर भोक पुढे असलेली किंवा एलएस ३/५ए सारखी बंद पेटी निवडा. कोपरा टाळा. बारा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा स्वर खोली स्वतःच घुमवते, कोपऱ्यात ठेवले की ते आणखी वाढते.

दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकरमध्ये सहा फूट अंतर असेल तर तुम्हीही सहा-सात फुटांवर बसा. ट्वीटर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फूट. सुताराकडून दोन जड स्टूल करून घेतले तरी काम भागते. आणि खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून बघा. हल्ली सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आणि रिकाम्या भिंती. टाळी ‘टर्र’ करून परत आली, तर शब्द तिथेच पुसले जाणार. खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्याने जो फरक पडतो तो दुप्पट किमतीचे स्पीकर आणूनही पडत नाही.

तारेवर फार पैसे घालवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक तार पुरते. दीड चौरस मिलिमीटरची पाच मीटर जोडतार धरली तर जाण्या-येण्याचा मिळून अडथळा जेमतेम ०.१२ ओहम. आठ ओहमपुढे तो नगण्य आहे. मात्र लाल ला लाल आणि काळ्याला काळे हे दोन्ही बाजूंना काटेकोर पाळा. एक जरी उलटे झाले, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसलेला न वाटता खोलीभर विखुरतो. पुष्कळ घरांत ‘स्पीकर खराब आहे’ या तक्रारीमागे एवढेच असते.

शेवटी दुकानातली परीक्षा. दुकानदार स्वतःचे झगमगीत गाणे लावतो. त्याला नम्रपणे सांगा, ‘‘भाऊ, माझे लावा.’’ आपल्या पाठ असलेली तीन मुद्रणे न्या. एक फक्त बोलण्याचे, शक्यतो ओळखीच्या माणसाचे. फोनवर घरच्या माणसाचा आवाज नीट मुद्रित करून नेला तरी चालेल. दुसरे तंबोऱ्यासह संथ आलाप. जवारीची ती झणझण अखंड, रेशमासारखी आली पाहिजे. तिसरे द्रुत तानांचे. याच नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांची तान लावून बघा. स्वरांचे मणी वेगवेगळे मोजता आले तर स्पीकर चपळ, एकमेकांत मिसळून दोरखंड झाला तर तो सोडून द्या. दोन जोड्या ताडताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जी थोडी मोठ्याने वाजते ती कानाला आपोआप चांगली वाटते. मग आवाज अगदी लहान करा. लहान आवाजातही शब्द कळले, तर पैसे काढायला हरकत नाही. आणि ज्यांच्यासाठी घेता, त्यांना बरोबर न्या. मी पहिल्यांदा हेच केले नव्हते.

दुसऱ्या वेळी बाबांना घेऊन गेलो. तीन जोड्या ऐकल्या. त्यांनी सगळ्यात साधी दिसणारी, साडेपाच इंची तोंडाची जोडी निवडली. मी म्हटले, ‘‘बाबा, त्या दुसऱ्यांचा आवाज जास्त भरदार आहे.’’ ते म्हणाले, ‘‘भरदार नको. मला गाणारा दिसला पाहिजे.’’

घरी आणून सतरंजी अंथरली, स्टुलांवर स्पीकर ठेवले, कूलर थोडा वेळ बंद केला आणि एका जुन्या खासगी बैठकीची टेप लावली. ती त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेली होती. पाचेक मिनिटे ते डोळे मिटून बसले. मग हात वर करून मला थांबवले. मला वाटले, पुन्हा काही चुकले. ते म्हणाले, ‘‘जोडीची एक तार किंचित उतरली आहे. इतकी वर्षं ऐकतो आहे, आज कळलं.’’

त्यानंतर तो ट्रान्झिस्टर गॅलरीत फक्त सकाळच्या बातम्यांपुरता जायचा.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)